झारा वाजला की मध्यंतर

भाड्याची खोली बघायला एकटी बाई गेली की घरमालक काय काय विचारतात, याची मला चांगली सवय होती. मांसमच्छी करता का, पाहुणे येतात का, लग्न झालंय का, झालं नसेल तर का नाही. माझी बँकेतली बदली सांगलीहून वडूजला झाली आणि मी मालकांपुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा ही सगळी उत्तरं तोंडपाठ करून गेले होते. मालक थेटराच्या तिकीटखिडकीत बसले होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी मला खालून वर नीट बघून घेतलं आणि विचारलं, "पिक्चर बघताना बोलता का?"

मी म्हटलं, "नाही."

"फोन काढून बसता?"

"नाही हो."

"शेवट व्हायच्या आदी उठता?"

इथं मी अडखळले. बाहेर गाड्या काढायची झुंबड उडते म्हणून मी जन्मभर पाच मिनिटं आधी उठत आले होते. म्हटलं, खोटं कशाला बोला. "उठते कधीकधी."

मी कुणाचा तरी गळा दाबून आल्यासारखं मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिथं ऱ्हायाचं आसंल तर ती सवय सोडायची," आणि तिकीट देतात तशी खोलीची किल्ली खिडकीतून पुढे सरकवली. भाड्याचं, पाण्याचं, विजेचं काही बोलणं नाही. ते सगळं नंतर काकूंनी ठरवलं. काकू म्हणजे मालकांच्या बायको. व्यवहाराच्या गोष्टी त्यांच्याकडे आणि पिक्चरच्या मालकांकडे, अशी त्या घराची सरळ वाटणी होती.

मालकांना नाव होतं, पण ते फक्त आधार कार्डावर. सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं, आणि थेटराला नुसतं थेटर. दुसरं नव्हतंच, मग नाव घेऊन वेगळं कशाला ओळखायचं? वरच्या मजल्यावर एका बाजूला हे नवराबायको राहत, दुसऱ्या बाजूला माझी खोली. माझ्या पलंगामागची भिंत ती बाल्कनीची मागची भिंत. त्यामुळे वडूजला असताना मी पिक्चर पाहिले कमी आणि ऐकले जास्त. नायक कधी मार खातो, नायिका कधी हुंदका देते, सगळं मला उशीवर डोकं ठेवल्या ठेवल्या कळायचं. दोनतीन दिवसांनी तर खलनायकाच्या आधी मीच त्याचं वाक्य म्हणायला लागायचे.

मालक स्वतः पिक्चर बघत नसत. खोटं वाटेल, पण हे मी तीन वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. पडद्याच्या डाव्या अंगाला एक छोटं दार होतं, तिथं ते पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि माणसं बघत. पडद्यावरचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा, तेवढ्यात त्यांना सगळं दिसायचं. कोण हसलं, कोण हसायच्या जागी हसलं नाही, कुणी पदर डोळ्याला लावला. "पिक्चर येकच आसतो म्याडम, माणसं रोज नवी," असं म्हणायचे. एकदा एक विनोदी पिक्चर बघून मी बाहेर पडले, तर मला दारात अडवलं. "आज तुमचं ध्यान न्हवतं. बँकेत काय झालं?" आणि खरंच, त्या दिवशी मी साहेबांशी कडाकडा भांडून आले होते. मी म्हटलं, "अहो, काही नाही." तर म्हणाले, "लोक पोट धरून हसत हुतं आन तुमी खुर्चीचा दांडा धरून बसला हुता." आता या माणसापुढे काय लपवायचं, सांगा!

त्यांच्या थेटरात पिक्चर सुरू व्हायच्या आधी पडद्याला उदबत्ती ओवाळली जायची. नवा पिक्चर लागला की नारळ फुटायचा. पूर्वी रिळांचे डबे यष्टीच्या टपावरून यायचे, तेव्हा डब्यांना हळदकुंकू लागायचं. आता सगळं संगणकावर आलं, तर मालकांनी त्या संगणकाला हळदकुंकू लावलं. पंख्यात कुंकू जाऊन यंत्र बंद पडलं, मग पुण्याहून एक इंजिनिअर आला आणि त्याने हात जोडून सांगितलं, "काका, हे नका करू." मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी यंत्राला रुमाल पांघरला आणि रुमालाला कुंकू लावलं.

शेवट न बघता उठणाऱ्यांवर तर त्यांचा दातच होता. अडवायचे नाहीत, पण माणूस ध्यानात ठेवायचे. मग आठवडी बाजारात तो माणूस मेथीची जुडी निवडत असला की मालक मागून जायचे आणि भर बाजारात, खणखणीत आवाजात, त्याला राहिलेला शेवट सांगायचे. "तू गेलास, मंग त्या पोरीच्या बापाला समजलं बघ..." बापाला काय समजलं हे ऐकायला भाजीवाल्याही माप थांबवायच्या. आमच्या शाखेतल्या शिपायाला त्यांनी असं दोनदा गाठलं होतं. तिसऱ्यांदा तो पोटात कळ आलेली असतानाही शेवटपर्यंत बसून राहिला.

आणि मध्यंतर! मध्यंतर कुठं घ्यायचं हे पिक्चर काढणारा ठरवतो असा माझा समज होता. वडूजला ते काकूंची कढई ठरवायची. थेटराच्या मागच्या पडवीत काकूंचं कँटीन होतं. कांदाभजी आणि चहा, बस. पिक्चर कुठवर आलाय हे कळावं म्हणून तिथं एक स्पीकर लावून ठेवला होता. भज्यांचा पहिला घाणा निघाला की काकू हातातला झारा पत्र्याच्या पिंपावर ठाणठाण वाजवायच्या, आणि वर यंत्राजवळ बसलेला म्हातारा ऑपरेटर तो आवाज ऐकून पिक्चर थांबवायचा, दिवे लावायचा. मग पडद्यावर नायक कड्याला लोंबकळत असो नाहीतर नवरी बोहल्यावर उभी असो. भजी गार होता कामा नयेत. गावाला याची इतकी सवय झाली होती, की कुणी कधी तक्रार केली नाही. उलट चांगल्या ठिकाणी झारा वाजला तर टाळ्या पडायच्या.

हे सगळं वाचायला मजेचं वाटतं, पण थेटर चालत नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात फोन, फोनमध्ये पिक्चर. सहाच्या खेळाला कधी पंधरा माणसं, कधी सात. एकदा एकटाच गडी आला, तोही म्हसवडची गाडी चुकली म्हणून, आणि पहिल्या गाण्यातच घोरायला लागला. मालकांनी त्याच्यापुरता सबंध पिक्चर चालवला. मी म्हटलं, "अहो मालक, तो झोपलाय." तर म्हणाले, "सहाचा खेळ सहालाच. सूर्य काय माणसं मोजून उगवतो व्हय?"

त्यांच्या पुतण्याला तिथं मंगल कार्यालय करायचं होतं. पोरगा वाईट नव्हता. शिकलेला, गोड बोलणारा, काकाकाकूंना सांभाळून घ्यायला तयार. दर रविवारी यायचा, काकाच्या पाया पडायचा आणि मग खिशातून मापाची टेप काढायचा. इथं नवरानवरीच्या खुर्च्या, इथं पंगत, असं म्हणत फरशीवर खडूने रेघा मारायचा. त्याची पाठ वळली की मालक चपलेने रेघा पुसत मागून चालायचे. पुतण्या म्हणायचा, "काका, थेटर किती दिवस वढणार?" आणि मालकांचं उत्तर ठरलेलं, "थेटर गेलं की मी गेलो. तवा कर तुला काय करायचं त्ये."

हे ते हसत म्हणायचे. ऐकणारेही हसायचे. एक माणूस मात्र कधी हसलं नाही, ते म्हणजे काकू. त्यांच्या सासऱ्यांची जमीन धरणात गेली आणि पुढच्या सहा महिन्यांत सासरे गेले. काही आजार नाही, काही नाही. अंथरूण धरलं आणि संपले. "ह्येंचं रगात त्येच हाय, ताई," काकू मला म्हणाल्या होत्या. "समदी म्हंत्यात मालक गमतीचा माणूस. मला गंमत वाटत न्हाई. थेटर जाणार ह्ये मला दिसतंय. ह्येनी मागं ऱ्हात्यात का न्हाई, येवढंच बघायचंय मला." असं म्हणून त्या परत कांदा चिरायला लागल्या, आणि कांदा चिरत असल्यामुळे मला कळेना, की समजूत घालायची की नाही.

याच सुमारास माझ्या मावसभावाने घोळ घातला. तो सांगलीत चित्रपटवेड्यांच्या एका मंडळाचा सेक्रेटरी. दाढी, झोळी, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांच्या मंडळाला परदेशी सिनेमा गावोगावी न्यायचा होता, आणि त्याला माझा पत्ता ठाऊक होता. मी मालकांना विचारलं, तर ते एका पायावर तयार. "फ्रान्सचा पिक्चर? आपल्यात? लावा की!"

"अहो, पण तो जरा जड आहे," भाऊ म्हणाला. "पॅरिसच्या एका साध्या वस्तीतलं छोटं थेटर आहे, ते चालत नाही, आणि त्याचा मालक..."

"म्हंजी माझाच पिक्चर की वं!" मालक म्हणाले.

भावाने डोळे मिटून मान हलवली. "म्हणूनच हा निवडला. तुम्हाला आपलासा वाटेल." मूर्ख कुठला! शेवट काय आहे ते त्याने मला सांगितलं असतं, तर मी त्याला सांगलीच्या गाडीत परत बसवून दिलं असतं.

मालकांनी रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा केला. फ्रान्सचा पिक्चर, एकच खेळ, फुकट. फ्रेंच म्हटल्यावर गावातल्या तरण्या मंडळींनी मनात जे आणायचं ते आणलं आणि दुपारपासूनच मागच्या खुर्च्या धरल्या. मालक त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "तुमी ज्यासाटी आलाय तसलं ह्यात कायबी न्हाई. पर हाय आसं समजून शेवटपातूर बसायचं." बाया आल्या, पेन्शनीत निघालेले फौजी आले, म्हाताऱ्या आल्या. थेटर शिगोशीग भरलं. मी तिथं असल्यापासून ते पहिल्यांदा भरलेलं पाहिलं. मालक डाव्या दारात उभे राहून एकेका रांगेवरून नजर फिरवत होते आणि सारखा चष्मा पुसत होते.

त्या दिवशी सकाळी भावाने त्यांना रिकाम्या थेटरात अख्खा पिक्चर दाखवला होता, अर्थ सांगत सांगत. बघायला माणसंच नव्हती, त्यामुळे मालकांना पडद्याकडे बघावं लागलं. पिक्चर संपल्यावर ते बाहेर पडले आणि थेटराला एक फेरी मारून आले, असं भाऊ नंतर म्हणाला. तेव्हा त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

संवाद फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी. म्हणून भावाने माइकवर मराठीत सांगायचं ठरलं होतं. पडद्यावर पाऊस, करडं आभाळ, एक माणूस शटर उघडतोय. भाऊ गंभीर आवाजात म्हणाला, "इथे आपल्याला नायकाच्या अंतर्मनातील रितेपणाची जाणीव होते." मग एक फौजी ओरडला, "मराठीत सांगा की राव!" हशा झाला. भावाने आणखी दोनतीनदा रितेपणा आणला, तेव्हा मात्र चहूबाजूंनी पुकारा सुरू झाला, "मालक, तुमी सांगा! मालक, तुमी सांगा!"

मालकांनी माइक घेतला. आणि काय सांगू तुम्हाला, पिक्चर एकदम सुरू झाला. "तर मंडळी, ह्या गड्याचं थेटर हाय. हिथं तिकीट ह्योच फाडतो, पिक्चर ह्योच लावतो आन झाडू बी ह्योच मारतो. समदं आपल्यावानीच हाय, फकस्त भजी न्हाईत." लोक खुर्च्या बडवून हसले. नायक दहा दहा मिनिटं तोंड उघडायचा नाही, नुसती काळी कॉफी प्यायचा. मालक म्हणायचे, "बोलत न्हाई. आत लय हाय, पर बोलत न्हाई." त्याची बायको पेटी घेऊन जिन्याने उतरली, तेव्हा बायांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आगं, थांब की गं!" थेटरात रोज एक म्हातारी कुत्रं घेऊन यायची, तेवढीच प्रेक्षक. एक दिवस कुत्रं एकटंच आलं. तिथं मागच्या खुर्च्यांवरची तरणी पोरंसुद्धा गप्प झाली.

हळूहळू एक बदल झाला. तो कधी झाला हे मला नीट सांगता येणार नाही. आधी मालक "ह्यो गडी" म्हणत होते, मग "ह्यो", आणि मग कधीतरी "मी" म्हणायला लागले. रंगात आलेला सांगणारा माणूस असं करतोच, म्हणून कुणाला खटकलं नाही. "आता माझ्याकडं कुणी येत न्हाई. मी खुर्च्या पुसतो. कुणासाटी पुसतो, ठावं न्हाई." मला वाटलं, काय छान सांगतायत! मी शेजारी बसलेल्या, आमच्या बँकेतल्या बाईला कोपराने ढोसलंसुद्धा.

पडद्यावर शेवटचा दिवस आला. नायक थेटराच्या आत गेला. त्याने आतून दार लावलं, जुन्या रिळांचा ढीग केला, त्यावर डब्यातलं काहीतरी ओतलं. मालकांचा आवाज खाली आला. "दार लावलं. आतनं कडी घातली. आता कुणी येणार न्हाई. माझं थेटर हाय, मी हाय. थेटर गेलं की मी बी गेलो."

माइक देऊन माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसलेला भाऊ पुटपुटला, "हे वाक्य यात नाहीये."

मी डाव्या दाराकडे बघितलं. मालक लोकांकडे बघत नव्हते. लोकांकडे पाठ करून पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर तो माणूस काडेपेटी काढत होता.

तेवढ्यात ठाणठाणठाण! झारा वाजला. एकदा नाही, कुणी भांडं फोडायला निघावं तसा वाजत राहिला. परदेशी पिक्चरला मध्यंतर नसतं म्हणून भावाने सकाळीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पण ऑपरेटरचा हात इतक्या वर्षांचा. झारा ऐकला आणि त्याने खाडकन पिक्चर थांबवला, दिवे लावले. काडी हातात धरलेला फ्रेंच माणूस पडद्यावर तसाच थिजला. लोकांना वाटलं भजी झाली. अर्धे उठलेसुद्धा.

मागचं दार धाडकन उघडलं आणि काकू आत आल्या. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय, पदर कुठल्या कुठं. मधल्या वाटेने त्या धावतच पुढे आल्या. "आवं! कुटं हाय तुमी? कुटं हाय?"

मालक पडद्यापाशी माइक धरून उभे. "हिथं हाय की. काय झालं?"

काकू थांबल्या. त्यांनी मालकांना बघितलं, धडधाकट उभे असलेले. मग पडद्याकडे बघितलं. पहिल्या रांगेतले चारपाचजण हसले. कुणीतरी म्हणालं, "काकूंनी खरंच धरलं वाटतं!" आणि हसू मागे मागे पसरत गेलं. मग काकू रडायला लागल्या आणि हसू जिथल्या तिथं विरलं. कँटीनमधल्या स्पीकरवर त्या माउलीला काय ऐकू आलं होतं? नवऱ्याचा आवाज, कडी घातली, थेटर गेलं की मी गेलो. पडदा दिसत नव्हता, फ्रेंच माणूस दिसत नव्हता. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेऊन ती बाई भजी तळत होती, तेच तिच्या कानावर आलं होतं.

"पिक्चर हाय गं त्ये," मालक म्हणाले. माइक चालूच होता, म्हणून अख्ख्या थेटराने ऐकलं.

"पिक्चर न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती. "तुमीच बोलत हुता. तुमचा आवाज मी वळखत न्हाई व्हय? मामंजी आसंच गेलं. जमीन गेली तसं गेलं. आन तुमी रोज उठून मला त्येच सांगता, हसून सांगता. मी काय करायचं? थेटर गेलं तर गेलं, माती त्येची. तुमी गेल्याव मी कुणासाटी चुलीपाशी बसू?"

मालक इतक्या माणसांची तोंडं वाचणारे, पण ही एक बाई कायम पडवीत असायची, उजेड तिच्या तोंडावर कधी पडलाच नव्हता. त्या संध्याकाळी, भर दिव्यात, त्यांनी बहुधा ते पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी माइक खाली ठेवला. पहिल्या रांगेतल्या दोन फौजींना नुसता हात केला, ते उठले. "बस हिथं," ते काकूंना म्हणाले. "शेवट बग. अर्ध्यात सोडायचं न्हाई." आणि स्वतः त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. काकूंच्या मांडीवर झारा. ऑपरेटरने दिवे घालवले.

शेवट कुणी सांगितला नाही, सांगायची गरजही नव्हती. काडी ओढली गेली. आग लागली, आणि तो माणूस खुर्चीत बसून रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला. मधूनच काकूंचा आवाज यायचा.

"ह्येला बायकू न्हाई व्हय?"

"व्हती. गेली निगून."

"शेजारपाजार?"

"न्हाई दावला."

"दार तोडायला कुणी येत न्हाई?"

"न्हाई येत."

"वंगाळ केलं त्येनं," काकू म्हणाल्या. मालक चष्मा पुसत म्हणाले, "व्हय. वंगाळ केलं."

पिक्चर संपल्यावर भावाने चर्चा ठेवली होती. बिचाऱ्याने एकाकीपणावर टिपण काढून आणलं होतं. एक फौजी उठून म्हणाला, "साहेब, त्ये समदं ऱ्हाऊ द्या. येवढं मोठं गाव त्ये पॅरिस, आन दार तोडाय येक माणूस मिळू नये?" मागची पोरं म्हणाली, आपण असतो तर भिंतीवरून उड्या टाकल्या असत्या. मग कुठून उड्या टाकायच्या यावरच अर्धा तास चर्चा झाली. भज्यांचा मात्र त्या दिवशी कोळसा झाला होता.

तुम्हाला वाटेल, या प्रकारानंतर गाव थेटराला धावून आलं असेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सहाच्या खेळाला पुन्हा बोटावर मोजण्याइतकी माणसं. गावाचं प्रेम खरं होतं, पण फोनही खिशात होता. मालकांनी तो आठवडा नेहमीसारखा काढला. रविवारी पुतण्या आला, पाया पडला, त्याने खडू काढला. मालक म्हणाले, "आण हिकडं," आणि स्वतः खाली बसून फरशीवर रेघ मारली. "नवरानवरी हिथं बसव. तिथं खांब मदी येतोय, लोकास्नी दिसायचं न्हाई." पुतण्या माझ्याकडे बघायला लागला आणि मी काकूंकडे. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, भीतीच होती. आता खरंच जाणार होतं, म्हणजे आता खरं कळणार होतं.

पडदा उतरवायचा दिवस मी विसरणार नाही. मी रजा टाकली. साहेबांना म्हटलं ताप आहे. सकाळी माणसं आली, दोर लावले, आणि तो भलामोठा पांढरा पडदा सरसर खाली आला. मागे नुसती भिंत, पोपडे धरलेली. मालक डाव्या दारात उभे होते. पडद्याची घडी घालताना कोपरे जुळत नव्हते, तेव्हा तेवढे जुळवून दिले. मग म्हणाले, "चला, झालं," आणि जिना चढून घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

मी माझ्या खोलीत येऊन बसले. पलंगामागच्या भिंतीतून काही ऐकू येत नव्हतं. मी वाचायला पुस्तक घेतलं आणि एकच ओळ वाचत राहिले. कान सगळे त्या लोटलेल्या दाराकडे. मनात नको नको ते येत होतं. जाऊन विचारावं तर काय विचारायचं? मालक, जिवंत आहात ना? असं कुणाला विचारतात का?

दुपार टळत आली तेव्हा माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर काकू. डोळे लाल, गाल ओले, हाताला पीठ. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "काकू, काय झालं? सांगा तर!"

"जेवलं, ताई," काकू म्हणाल्या. "दोन भाकरी खाल्ल्या ह्येनी. आन वर म्हंत्यात, कालवणात मीठ कमी हाय."